बुंध्याजवळचं पान

उद्यानाच्या कोपऱ्यातल्या फिकट जांभळ्या जास्वंदीचं काय करायचं, हे आज दुपारी ठरणार होतं. वेगळी जात निघाली तर ती राहणार. कुंपणाची साधी लाल जास्वंदच निघाली, तर ती उपटून तिथल्या सावलीत वनस्पतिशास्त्र विभागाच्या गाड्या लागणार. विभागप्रमुखांची गाडी नवी होती. उन्हात तिचा रंग उडतोय, ही बाब ते प्रत्येक बैठकीत विज्ञानाच्या हितासाठी मांडत.

निकाल सूनबाईच्या हातात होता, आणि तिथेच घोळ होता. ही जास्वंद शोधून तिच्यावर उभी हयात भाषणं देणारे निवृत्त प्राध्यापक म्हणजे तिचे सासरे. लोक त्यांना माघारी ‘जास्वंदबुवा’ म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या सासूबाईंची.

सूनबाईने सहा जातींच्या जास्वंदींची पानं प्रयोगशाळेत नेली होती. पानाला हिरवं करणारे जे बारीक कण असतात, ती हरितलवकं, त्यांची स्वतःची वेगळी जनुकसंहिता असते, दीड लाखांहून जास्त अक्षरांची. ती अक्षरं शेजारी शेजारी मांडली की कोण कुणाची बहीण आणि कोण लांबची मावशी, ते कळतं. जास्वंदीत हा ऐवज आईकडूनच येतो, हे तिने एकदा सासूबाईंना समजावलं होतं.

“म्हणजे बापाचं त्यात काहीच नाही?” सासूबाईंनी विचारलं होतं.

“काहीच नाही.”

“शहाणी झाडं आहेत,” असं म्हणून त्या पेपर वाचायला लागल्या होत्या.

सकाळी टेबलावर बुवा पावाला लोणी लावत होते. बैठकीसाठी इस्त्रीचा शर्ट आधीच अंगात होता. सूनबाईचा चहा कपातच निवला. शेवटी तिने सांगून टाकलं.

“बाबा, तुमची जास्वंद आणि कुंपणाची, एकच निघाली.”

“यंत्र बिघडलंय,” बुवा म्हणाले.

“दोनदा केलं.”

“मग दोनदा बिघडलंय.”

तिलाही एक गोष्ट खटकत होती. सख्ख्या बहिणींतही इकडची चार अक्षरं तिकडे असतात. इथे एका अक्षराचा फरक नव्हता. आपल्याकडून पानांची अदलाबदल झाली की काय, म्हणून ती मनातल्या मनात सगळं पुन्हा आठवत होती.

“मी पान कुठलं तोडलं होतं, आठवतं तुम्हाला?”

“मीच दाखवलं होतं की. बुंध्याजवळचं. वरच्या फांद्यांना मी कुणाला हात लावू दे…”

वाक्य तिथेच राहिलं. सुरी मात्र चालूच होती.

“अहो, लोणी टेबलाला लावताय,” सासूबाई म्हणाल्या.

बुवा पाव अर्धाच टाकून आत गेले. घरात ही गोष्ट यापूर्वी घडली नव्हती.

बैठक झाडापाशीच भरली. निर्णय झाला की लगेच काम सुरू करता यावं, म्हणून प्रमुखांनी माळ्याला कुदळीसकट बोलावून ठेवलं होतं. वेळ वाचवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. सूनबाईने वंशवृक्षाचा कागद दाखवला. चार जाती आपापल्या फांदीवर होत्या, उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून. प्रमुखांनी अतीव दुःखाने मान हलवली आणि खिशातल्या गाडीच्या किल्लीला हात लावला.

“मला अजून एक पान हवंय,” सूनबाई म्हणाली. “शेंड्याकडचं.”

“का? एकाच झाडाची वरची पानं एका आईची आणि खालची दुसरीची असतात का?”

सगळे हसले. ती हसली नाही, कारण तसं असू शकतं आणि ते कधी, हे तिला सकाळच्या त्या सुरीवरून कळलं होतं. पण ते बोलणं म्हणजे सासऱ्यांना चारचौघांत खोटं पाडणं. ‘ही जात चिखलातही स्वतःच्या मुळांवर ताठ उभी राहते,’ हे बुवांचं वाक्य पाठ्यपुस्तकात होतं. वेगळेपणाचा पहिला पुरावा म्हणून. तिने बुवांकडे पाहिलं. बुवा स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

प्रमुखांनी माळ्याला खूण केली. पहिला घाव बुंध्यापासून वीतभर अंतरावर पडला आणि फांद्या थरथरल्या. माळ्याने दुसऱ्यासाठी कुदळ उचलली.

“थांब,” बुवा म्हणाले.

गुडघ्यावर हात ठेवून ते कसेबसे खाली बसले आणि काठीच्या टोकाने बुंध्याची माती उकरली. मातीखाली सालीवर जुन्या जखमेसारखी एक जाड गाठ होती.

“असतात, दोन आयांची असतात,” ते म्हणाले. “हे कलम आहे. मूळ झाड दुसऱ्याच वर्षी मुळाशी कुजलं. वाचलेली एक फांदी मी कुंपणाच्या जास्वंदीच्या खुंटावर बांधली. गाठीखाली फुटतं ते सगळं त्या खुंटाचं. दरवर्षी मीच गुपचूप छाटतो. यंदा गुडघ्यांमुळे राहिलं, आणि सुनेला नेमकं तेच दाखवलं.”

“तुम्ही विसरलात?” सूनबाईने हळूच विचारलं.

“ते मुळांचं वाक्य इतक्यांदा बोललो, की मलाच खरं वाटायला लागलं.”

प्रमुखांचा चेहरा पडला. ते बुवांचेच विद्यार्थी होते.

“सर, चिखलात ताठ उभी राहणारी मुळं आम्ही परीक्षेत लिहिली होती.”

“मार्क मिळाले ना?”

माळ्याने कुदळ खाली ठेवली. वरच्या फांदीचं कोवळं पान बुवांनी स्वतः तोडलं आणि सुनेच्या हातात दिलं.

नवा निकाल यायला बरेच दिवस लागले. तोवर बुवा यंत्राच्या प्रकृतीची रोज चौकशी करत. निकाल आला. जांभळी जास्वंद आपल्या वेगळ्या फांदीवर एकटी बसली होती, कुंपणाच्या लाल जास्वंदीपासून चांगली लांब.

“आईच्या बाजूने तरी वेगळीच आहे,” सूनबाईने सांगितलं. “बापाचं अजून माहीत नाही.”

“बापाचं मी सांगते,” सासूबाई म्हणाल्या. “खोटारडा असणार, पण झाड जगवणारा.”

बुवा टेबलाशी बसून आपलं भाषण दुरुस्त करत होते. मुळांचा भाग काढल्यावर ते निम्म्यावर आलं. पुढच्या कार्यक्रमात श्रोते शेवटपर्यंत जागे राहिले, आणि त्याचं सगळं श्रेय प्रमुखांनी नव्या तंत्रज्ञानाला दिलं. त्यांची गाडी बाहेर उन्हातच उभी होती.