मी गात नव्हतो

मित्रांनो, या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर, मलमाच्या डबीशेजारी एक पिवळट धूड बसलेलं दिसतंय ना? वर रंग उडालेलं लाल चाक, दोन्ही टोकांना आटे, अंगावर पांढरे डाग. तोच मी. रंगाऱ्याच्या कारखान्यातला जुना पितळी व्हॉल्व्ह. आता माझ्यातून पाणी जात नाही, फार तर खिडकीतला वारा जातो. कुणाचं बिंग फुटलं की तुम्ही माणसं म्हणता, 'पितळ उघडं पडलं.' म्हणा बापडे! पण मी खोटा माल नव्हतो. माझ्याकडून भलतंच काम करून घेतलं गेलं, आणि ते भोवलं एका मुलीच्या उजव्या हाताला. ही गोष्ट खरं तर त्या हाताची आहे. माझी आपली तिच्या मागोमाग येते.

तांबं आणि जस्त एकत्र वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतलं. साचा फोडला तेव्हा मी अगदी ओबडधोबड होतो. मग लेथवर माझे आटे पाडले, तोंडं घासून गुळगुळीत केली आणि पोटात एक जाड पितळी पाचर बसवली. ती पाचर म्हणजे माझं फाटक. चाक एका बाजूला फिरवलं की फाटक वर जातं आणि पाण्याला सगळी वाट मोकळी होते. उलट फिरवलं की ते खाली येऊन खोबणीत घट्ट बसतं आणि पाणी थांबतं. बस, एवढंच माझं काम. उघड म्हटलं की उघडायचं, मीट म्हटलं की मिटायचं. मधलं काही मला येत नाही, आणि येतं असं मी कधी म्हटलंही नाही.

जिथे घडलो तो कारखाना सोडण्याआधी माझी परीक्षा झाली. एका कारागिराने मला बंद केलं आणि मागून पाण्याचा असा काही जोर लावला की माझी छाती दडपली. त्याने माझ्या तोंडाखाली तळहात धरला. तळहात कोरडाच राहिला. "शाब्बास रे पठ्ठ्या! थेंब नाही," असं म्हणून त्याने मला थोपटलं. त्या कौतुकावर मी पुढचं सगळं आयुष्य काढायला तयार होतो.

मग मी एका दुकानाच्या फळीवर आलो. माझ्या आजूबाजूला नाना तऱ्हेचे भाऊबंद होते. दांडी ओढली की झटक्यात बंद होणारे, एकाच दिशेने पाणी सोडणारे, आणि पोटाशी फुगलेले गोल व्हॉल्व्ह. हे गोल भाऊ माझ्यापेक्षा संथ. पाणी त्यांच्या पोटात वळण घेऊन जातं, त्यामुळे त्याचा जोर कमी होतो. पण धार बारीक करा, जाड करा, त्यांना काही त्रास नाही. त्यांची घडणच तशी.

एके दिवशी रंगारी आला. सोबत त्याची मुलगी होती. तो कापड रंगवून द्यायचा आणि त्याला नवीन गरम पाण्याच्या टाकीसाठी व्हॉल्व्ह हवा होता. दुकानदाराने विचारलं, "काम काय आहे?"

"काम काय असणार? पाणी सोडायचं," रंगारी म्हणाला.

त्याने एकेकाला हातात घेऊन तोललं. मला उचललं आणि त्याचा चेहरा उजळला. "हा बघ! हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे. बाकी सगळी नुसती खेळणी." मुलीने माझं चाक फिरवून पाहिलं. तिचा हात लहानसा, पण पकड पक्की होती. मला दोघंही आवडली. आवडलेल्या माणसांच्या घरी जायला मिळालं, याहून जास्त काय हवं?

मला बसवायला पान्हेमामा आले. ते नळाची कामं करत. कमरेला सदा पान्हा खोचलेला असे म्हणून सगळा रस्ता त्यांना पान्हेमामा म्हणायचा. जिभेने तिखट, पण कामात चोख. टाकी वर माळ्यावर होती. तिथून पाइप खाली येत होता, आणि खाली रंगाचं मोठं पातेलं होतं. मामांनी आधी मला बसवलं आणि माझ्यापुढे, स्वतः सोबत आणलेल्या एका गोल भावाला.

"हे दोन कशाला?" रंगाऱ्याने विचारलं.

"हा फाटकवाला पाणी तोडायला. पाइप फुटला, काही झालं, तर हाच तुम्हाला वाचवेल. आणि हा गोल धार कमी-जास्त करायला. फाटक एक तर सताड उघडं ठेवावं, नाहीतर लावून घ्यावं. अर्धवट ठेवलं की आपटत बसतं. घरचं असो नाहीतर पाइपातलं."

रंगाऱ्याच्या कामाला पाणी दोन तऱ्हेने लागे. सकाळी पातेलं भरायला भरपूर आणि झटपट. मग कापडावर रंग पिकला की सुटा रंग धुऊन काढायला गरम पाण्याची बारीक, एकसारखी धार. धार जाड झाली की कापडावर चट्टे, फार बारीक झाली की पाणी गार आणि रंग कच्चा. धार सांभाळायचं काम मुलीचं. ओलं कापड बोटांत चुरगाळून ती नुसत्या स्पर्शाने सांगायची, "बाबा, पिकला." तिचं कधी चुकलं नाही. कारखान्याचं नाव होतं ते तिच्या या बोटांमुळे.

पण गोल भावाच्या पोटातून वळणं घेत येणाऱ्या पाण्याने पातेलं भरायला फार वेळ लागू लागला. रंगारी वैतागला. "अहो मामा, हे भरेपर्यंत माझे केस पिकतील!" त्याने गोल भावाला काढून टाकायला लावलं. मामा कुरकुरले, "मग बाजूने एक बारीक पाइप काढू आणि त्यावर याला बसवू. पातेलं मोठ्या वाटेने भरा, धार छोट्या वाटेने सोडा."

"बघू पुढे," रंगारी म्हणाला.

मित्रांनो, 'बघू पुढे' हे शब्द मी नंतर खूप वेळा ऐकले. पुढे कुणी बघितलं नाही.

आता पातेलं भरताना मला पूर्ण उघडायचे आणि धार हवी असली की मला जवळजवळ मिटवून जरासं उघडं ठेवायचे. त्या फटीतून पाणी चाकूसारखं घुसायचं. माझं फाटक अधांतरी लटकायचं आणि थरथरायचं. त्या थरथरीचा एक आवाज व्हायचा. बारीक, लांबलचक, गुणगुणल्यासारखा.

मुलीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हरखली. "बाबा, ऐका ना! हा गातोय!"

आणि झालं! तीच घरची पद्धत होऊन बसली. चाक फिरवत जायचं, गुणगुण सुरू झाली की हात थांबवायचा. धार बरोबर तेवढीच पडायची. मुलीला नजर टाकायचीही गरज नसे. ती माझ्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची आणि कापड चाळवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगारी अभिमानाने सांगायचा, "आमचा व्हॉल्व्ह गातो, बरं का! तो गायला लागला की समजायचं, धार जमली."

मी गात नव्हतो. माझी कड झिजत होती. पाणी मला कणाकणाने कुरतडत होतं आणि माझ्या थरथरीने शेजारचा सांधाही सैल होत होता. फाटक खालपर्यंत कधी जातच नसे, म्हणून खोबणीत पाण्यातल्या क्षाराचा थर जमून दगड झाला होता. संध्याकाळपर्यंत टाकी आपोआप रिकामी व्हायची आणि सकाळी ती भरताना माझ्यातून गळणारं पाणी खालच्या पातेल्यातच पडायचं, त्यामुळे मला पूर्ण मिटायची वेळच कुणी आणली नाही. आणली असती तर तेव्हाच कळलं असतं. पण काय सांगू, तिचा हात चाकावर आला की मला बरंही वाटायचं. कुणी इतक्या मायेने हात ठेवला की दुखतंय हे सांगायचं तरी कसं? आणि सांगायला मला तोंड कुठे होतं? आवाज होता तेवढा एक, तर त्याला ते गाणं म्हणत होते.

एकदा पान्हेमामा चहाला आले. त्यांनी कान टवकारले. "हे गाणं नव्हे हो. दात खातोय तो. बदला याला."

"मामा, तुम्हाला गाण्यातलं काय कळतंय!" मुलगी हसून म्हणाली.

"मला पाइपातलं कळतं," मामा म्हणाले. पण चहा चांगला झाला होता, मुलगी आणखी एक कप घ्या म्हणत होती आणि रंगाऱ्याने नेहमीचंच उत्तर दिलं, "चालतंय ना? मग चालू दे की. बघू पुढे." मामांनी खांदे उडवले आणि कप पुढे केला.

वर्षं गेली. रंगाऱ्याचे गुडघे धरले. तो पातेल्याजवळ बुटक्या स्टुलावर बसून राही, उठायला त्याला आधार लागे. सगळं काम मुलीवर आलं.

ती सकाळ अगदी साधी होती. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी उकळत आलेलं. मुलीने पातेलं भरून घेतलं, मला अर्धवट मिटवलं, माझी गुणगुण सुरू झाली. आणि माझ्या पुढच्या बाजूचा सैल झालेला सांधा फाटकन निसटला. उकळतं पाणी थेट स्टुलाच्या दिशेने उडालं.

"बाबा, उठा!" ती ओरडली. पण ते उठणार कसे? ती धावली आणि पाण्याच्या धारेत हात घालून तिने माझं चाक धरलं. मामांचं वाक्य तिने लहानपणी ऐकलं होतं. पाइप फुटला तर हाच वाचवेल.

मित्रांनो, ज्या एका घडीसाठी माझा जन्म झाला होता, ती घडी आली होती. मी जीव तोडून फाटक खाली ढकललं. ते क्षाराच्या दगडावर आदळून थांबलं. तिने आणखी जोर लावला. खाल्लेल्या कडेखालून पाणी येतच राहिलं आणि तिच्या हातावरून वाहत राहिलं. "मीट ना रे! मीट ना!" ती मला म्हणत होती. तिने हात काढून घ्यायला हवा होता. पण तिला वाटत होतं, अजून थोडं फिरवलं की मी मिटेन. तिचा माझ्यावर विश्वास होता हो! शेजारपाजारचे धावत आले, त्यांनी रंगाऱ्याला उचलून बाजूला नेलं, तेव्हाच तिने मला सोडलं.

रंगाऱ्याच्या पायाला थोडंफार पोळलं, ते बरं झालं. मुलीचा हात तसा बरा झाला नाही. कातडी आली, पण बोटं आखडली आणि त्यांची जाणीव गेली. आता तिच्या बोटांना ओलं कापड आणि कोरडं कापड सारखंच लागतं. कारखान्यात आता दुसरी माणसं काम करतात. रंग पिकला की नाही, हे ती घड्याळ बघून ठरवतात.

मला काढायला पान्हेमामाच आले. त्यांनी मला उघडलं, क्षार खरवडून काढला आणि माझं फाटक रंगाऱ्याच्या हातावर ठेवलं. उंदराने खाल्ल्यासारखी कड होती.

रंगारी बराच वेळ ते फाटक बोटाने चाचपत बसला. मग मुलीला म्हणाला, "मी वजन बघितलं गं. काम बघायला हवं होतं."

"मलाही गाणंच वाटायचं, बाबा," ती म्हणाली, आणि दोघंही रडली.

माझ्या जागी आता दांडीवाला भाऊ बसला आहे, आणि बाजूने काढलेल्या बारीक पाइपावर तो गोल भाऊ. इतकी वर्षं तो माळ्यावरच धूळ खात पडला होता. तिथे आता काहीही गुणगुणत नाही. मामा मला भंगारात टाकायला निघाले, तेव्हा मुलगी म्हणाली, "नको, मला लागेल." डॉक्टरांनी तिला हाताच्या व्यायामासाठी रोज काहीतरी गोल फिरवायला सांगितलं होतं. मामांनी फाटक पुन्हा माझ्या पोटात बसवून दिलं.

म्हणून मी इथे आहे. मित्रांनो, वस्तू निवडताना तिचं वजन बघा, चकाकी बघा, पण त्याआधी तिला विचारा, बाई गं, तुझं काम काय? आणि घरातलं काही गुणगुणायला लागलं, तर कौतुक करण्याआधी एकदा उघडून बघा. माणसांचंही तसंच असावं बहुतेक, पण त्यातलं तुम्हाला जास्त कळेल.

आता उन्हं कट्ट्यावर आली की ती येईल. मला मांडीत घेईल आणि आखडलेल्या बोटांनी चाक फिरवेल. माझं फाटक पार वर जाईल, मग पार खालपर्यंत येऊन खोबणीत टेकेल. जे मला आयुष्यभर हवं होतं, ते आता रोज मिळतं. मी पूर्ण उघडतो, पूर्ण मिटतो. मग ती मला खाली ठेवते आणि स्वतःची मूठ मिटून बघते. ती अजून अर्धीच मिटते.