पुसलेले ठिपके

स्पिरिटात भिजवलेला कापसाचा बोळा काचेवरून फिरला, आणि तेलाच्या डागाबरोबर मावशीचे निळे ठिपकेही गेले.

भाचीनं जीभ चावली.

प्रयोगशाळेत डॉक्टर दोघीच, मावशी आणि भाची. गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी पसरलेली तपासणीची प्रत्येक काच आधी मावशीनं बघायची, मग भाचीनं. आणि मावशीचं मत भाचीला तोवर कळू द्यायचं नाही, हा इथला शिरस्ता. दोघींची मतं आजवर कधी वेगळी पडली नव्हती. मावशीला त्याचं कोण कौतुक! "नजर एक आहे आमची," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि भाची खाली बघून हसे. मत झाकलेलं असलं तरी बघताना मावशीनं शंकेच्या जागी शाईनं केलेले ठिपके काचेवर उघडेच असत. एकटा फिकट ठिपका म्हणजे विशेष काही नाही. दाटीवाटीनं दोन, म्हणजे गडबड.

आज धरायला बोट नव्हतं. आणि काच होती शिवणवाल्या काकूंची, दोघींचे पांढरे कोट शिवणाऱ्या. उत्तर घ्यायला त्या बाहेर बाकावर येऊन बसल्या होत्या. सगळं ठीक निघालं की बाळंत लेकीकडे जाणार होत्या, चांगल्या वर्षभरासाठी.

भाचीनं काच एका टोकापासून ओळीओळीनं बघायला घेतली, शेत नांगरावं तशी. ग्रंथींच्या निरोगी पेशी मधाच्या पोळ्यासारख्या, घराला घर लागून बसलेल्या. एका कोपऱ्यात मात्र पोळं चेपलं होतं. पेशी काळवंडून एकमेकींच्या अंगावर रेलल्या होत्या, आणि काठाला कापडाच्या दशा सुटाव्यात तशा विस्कटल्या होत्या.

ती काच घेऊन मावशीच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, हे मला बरं दिसत नाही."

"काहीतरीच! सूज आहे ती. सुजेत पेशी फुगतातच."

"पण सुजेत अशा दशा सुटत नाहीत, मावशी."

मॅडमची मावशी केव्हा झाली, ते दोघींनाही कळलं नाही. मावशीनं चष्मा कपाळावर सारला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिची बोटं चाकावर मागेपुढे होत राहिली.

"अहो डॉक्टरीणबाई," बाहेरून काकूंचा आवाज आला, "माझ्या काचेला दात फुटले की काय? किती तो वेळ!"

मावशी हसली नाही.

"काल हाच कोपरा बघितला होता मी," ती हळू म्हणाली. "याच डोळ्यांनी. काल सूज म्हटलं. आज म्हणवत नाही."

"आणि माझंच चुकत असेल तर?"

"तर काकूंचा एक तुकडा उगाच काढला जाईल, आणि त्या आपल्या कोटांना उलटी बटणं लावतील. माझं चुकत असेल तर?"

मावशी उठली आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसली.

"काकू, जाणं जरा पुढे ढकला. एक बारीकसा तुकडा काढून तपासायचाय."

काकूंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "वाईट आहे का काही?"

"ठाऊक नाही. म्हणून तर."

तुकड्याचा निकाल आला. पेशी बिघडल्या होत्या, पण जागच्या जागी. खोल कुठे शिरल्या नव्हत्या. एका लहानशा शस्त्रक्रियेत भागलं. काकू लेकीकडे निघाल्या त्या दिवशी आधी प्रयोगशाळेत आल्या, आणि भाचीच्या कोटाचा उसवलेला खिसा उभ्या उभ्या टाचून गेल्या.

त्या गेल्यावर मावशीनं काचांचा नवा ट्रे पुढे ओढला.

"काय गं, त्या काचेवरचे माझे ठिपके कुठे गेले होते?"

भाचीचा हात शिवलेल्या खिशावर थांबला. "तेल काढताना पुसले गेले."

मावशीनं कापूस स्पिरिटात बुडवला, ट्रेमधल्या एकेका काचेवरचे ठिपके सावकाश पुसले आणि ट्रे भाचीपुढे सरकवला.

"उद्यापासून निम्म्या काचा आधी तू बघायच्या," ती म्हणाली. "आणि खुणा करू नकोस हं. मलाही सवय लागेल."