सगळे आपापल्या जागी

फ्रियात्तोनं तुंग्रियन पलटणीत पंचवीस वर्षं काढली होती, आणि त्या पंचवीस वर्षांत रांगेत उभं असताना विचारल्याशिवाय, ठरल्यापलीकडचा एकही शब्द तोंडातून काढला नव्हता.

आज मात्र त्याला विचारणार होते. पंचवीस वर्षं पुरी झालेल्या शिपायांची यादी आज किल्ल्यातल्या कचेरीच्या अंगणात व्हायची होती. ती यादी रोमला जाणार, तिथं काशाच्या पत्र्यावर कोरली जाणार, आणि पत्रा परत आला की मोसा नदीच्या चिखलातून उठून आलेला फ्रियात्तो रोमचा नागरिक होणार. त्याच पत्र्यावर बायकोचं आणि मुलांचंही नाव येतं. ज्यांचं येत नाही, ती माणसं कायद्यानं कोणाचीच नसतात.

"सांगा बघू परत," मातुगेना त्याचा पट्टा आवळत म्हणाली. बावीस वर्षं ती त्याच्याबरोबर राहत होती आणि बावीस वर्षं त्याला शिपाईबुवा म्हणत होती.

"मातुगेना, कुनोबार्रोची लेक. मुलगी सेनिला."

"असं पुटपुटू नका हो. कोंबडी चोरल्यासारखं वाटतं."

"बाबा, माझं नाव आधी घ्या," चुलीपाशी बसलेली सेनिला म्हणाली. ती सतरा वर्षांची होती. "आईचं लांबलचक आहे. साहेब ऐकता ऐकता झोपायचा."

"गप गं. शिपाईबुवा, तुम्ही आपलं नीट क्रमानं घ्या."

मातुगेनानं आज तिची निळ्या मिन्याची पिन खांद्याला लावली होती. खरं तर तिला किल्ल्याच्या दाराच्या आत पाऊलसुद्धा टाकता येणार नव्हतं. तरी लावली होती.

त्याचं असं होतं की फौजेत शिपायाला लग्नाची बंदी, आणि प्रत्येक किल्ल्याच्या दाराबाहेर शिपायांच्या बायकापोरांची भलीमोठी वस्ती. हे सगळ्यांना ठाऊक, साहेबांनाही. पण नवा साहेब आला की भर हजेरीत एकेकाला विचारायचा, "मागे कोणी?" आणि प्रत्येकानं छाती काढून सांगायचं, "कोणी नाही, साहेब!" मग साहेब खूश, शिपाई खूश, आणि बाहेर चुलीवर रस्सा रटरटत असायचा. खरं सांगायची मुभा फक्त पंचवीस वर्षं पुरी झाल्यावर, त्या यादीपुरती. रोमच्या फौजेनं डोंगर फोडून सरळ रस्ते काढले म्हणतात. काढलेच. पण एवढी एक गोष्ट तिला कधी सरळ करता आली नाही.

अंगणात नऊ जण उभे होते. वारा अजिबात नव्हता, मुदपाकखान्याचा धूर सरळ वर चालला होता. पलटणीचा साहेब इटलीहून नवाच आलेला, सव्वीसेक वर्षांचा, या उत्तरेच्या थंडीत त्याचं नाक सारखं गळत होतं. शेजारी लाकडी पाट्या घेऊन बुक्को कारकून बसला होता. बुक्को आणि फ्रियात्तो आठ वर्षं एका तंबूत झोपले होते. बुक्कोच्या घोरण्यासकट त्याचं सगळं फ्रियात्तोला पाठ होतं.

नाव झालं, बापाचं नाव झालं, जमात झाली, वर्षं झाली. साहेबानं नाक पुसलं, मान वर केली आणि विचारलं, "मागे कोणी?"

तेच दोन शब्द, तोच सूर. फ्रियात्तोच्या टाचा आपोआप जुळल्या.

"कोणी नाही, साहेब!"

आवाज समोरच्या भिंतीवर आपटून खणखणीत परत आला, आणि क्षणभर त्याला बरंसुद्धा वाटलं. पुढचा म्हातारा शिपाई चाचरत म्हणाला, "आहे साहेब, म्हणजे, एक बायको आहे," आणि रांगेत हशा पिकला, तेव्हा कुठे फ्रियात्तोच्या पायाखालची जमीन सरकली.

बुक्को त्याच्याकडे बघत होता. हातातली लेखणी त्यानं उगाचच बराच वेळ हवेत धरून ठेवली. बोल, असंच जणू तो सांगत होता. पण आता विचारलेलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं कसं, हे फ्रियात्तोला येतच नव्हतं. शेवटी बुक्कोनं खाली मान घालून लिहून टाकलं.

घरी मातुगेना दारातच उभी होती.

"कसं वाटलं हो ऐकायला?" तिनं विचारलं. "माझं नाव, आतमध्ये?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं. पण आजच्या दिवसापुरतं ते बोलून झालं होतं. त्यानं जसं घडलं तसं सांगितलं. सेनिलानं हातातली बादली खाली ठेवली आणि ती घरामागे निघून गेली.

मातुगेना उंबऱ्यावर बसली. ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"तुम्हाला कशाला बोल लावू? शिकवलं कोणी?"

ते खरं होतं. दोघं एकत्र राहू लागली त्या पहिल्या वर्षीच्या हजेरीत फ्रियात्तो कानापर्यंत लाल झाला होता, जमादाराची वेताची छडी पाठीवर बसली होती आणि त्यांची झोपडी पाडली गेली होती. नवी झोपडी उभी राहिली, तेव्हा मातुगेनानं त्याला याच दाराला पाठ टेकवून उभं केलं. हनुवटी वर. आवाज छातीतून. आणि तोंडावर माझा विचार येऊ द्यायचा नाही. पन्नास वेळा म्हणून घेतलं होतं त्याच्याकडून.

"माझा विचार करू नका, असं सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "चांगलेच शिकलात हो."

दुपारी बुक्को आला. वाकून आत शिरताना त्याचं डोकं नेहमीप्रमाणे चौकटीवर आपटलं.

"अरे गाढवा, तुझी जीभ काय भाड्यानं दिली होतीस का?" तो बसायच्या आधीच म्हणाला. "यादीवर साहेबाचा शिक्का पडला. उद्या सकाळची हजेरी झाली की घोडेस्वार निघतो."

"शिक्का फोडता येईल?"

"साहेबालाच येईल. पण त्याला सांगावं लागेल ना, की भर हजेरीत खोटं बोललो म्हणून. नवा माणूस आहे, चिडला तर काळा शेरा मारून हाकलून देईल. मग तुझाही पत्रा गेला आणि पंचवीस वर्षंही पाण्यात."

"राहू द्या," मातुगेना म्हणाली. "तुमचं तरी होऊ द्या, शिपाईबुवा. बावीस वर्षं मी नव्हतेच. आणखी थोडी वर्षं नसेन."

हे ती इतक्या सहज म्हणाली की फ्रियात्तोला तिच्याकडे बघवेना. तो घरामागे गेला. सेनिला लाकडाच्या ढिगावर बसून ढलप्या सोलत होती.

"बाजारात मला विचारतात, तू कोणाची म्हणून," ती वर न बघता म्हणाली. "मी सांगते, फ्रियात्तोची. तर म्हणतात, फ्रियात्तोला कोण आहे? आम्ही हजेरीत ऐकलंय, त्याला कोणी नाही." ती थांबली. "बाबा, आता ते पत्र्यावरसुद्धा येणार."

फ्रियात्तो तिच्याजवळ टेकला. त्यानं तिच्या केसांतला लाकडाचा भुसा काढला, आणि त्याचं ठरलं.

सकाळच्या हजेरीला आठ-आठ माणसांच्या तुकडीचा म्होरक्या पुढे येऊन साहेबाला एकच ठरलेलं वाक्य सांगतो: सगळे आपापल्या जागी, सामानही. त्यात कमी नाही, जास्त नाही. आपल्या तुकडीचा म्होरक्या म्हणून फ्रियात्तोनं ते वाक्य हजारो वेळा म्हटलं होतं. विचारल्याशिवाय बोलायची दिवसातली तेवढी एकच जागा त्याला माहीत होती. त्यानं पाऊल पुढे टाकलं.

"सगळे आपापल्या जागी, साहेब. सामानही." मग तो पुढे म्हणाला, "दोघी सोडून."

पाटी धरलेला बुक्कोचा हात तसाच राहिला.

"कोण दोघी?" साहेबानं विचारलं.

"माझी बायको आणि माझी मुलगी, साहेब. दाराबाहेर आहेत. डावीकडून चौथं घर. बायको तर बावीस वर्षं तिथंच आहे."

"काल तू मला काय सांगितलंस?"

"खोटं, साहेब. काल आणि त्याच्या आधी दर वेळी. तुमच्यासकट अकरा साहेबांना."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि जमादारानं डोळे वटारले. फ्रियात्तोची हनुवटी वरच होती. साहेबानं त्याच्याकडे पाहिलं. मग नाक पुसलं.

"बुक्को, काल वारा फार होता. मला नीट ऐकू आलं नसावं."

"वारा? भयंकर, साहेब!" बुक्को म्हणाला. "छपरं उडायची बाकी होती."

"यादी आण. आणि तू," तो फ्रियात्तोला म्हणाला, "हजेरीत खोटं बोललास. महिनाभर गव्हाऐवजी जव खायचे."

"होय, साहेब."

"आता नावं सांग. मोठ्यानं. आजही वारा आहे."

फ्रियात्तोनं नावं सांगितली. क्रम चुकलाच, सेनिलाचं आधी आलं.

महिनाभर मातुगेनानं जवाच्या भाकरी केल्या. रोज पहिला तुकडा त्याच्यापुढे सरकवताना ती न चुकता म्हणायची, "घ्या, तुमच्या बायकोच्या हातची." शब्द नवा होता. तिला तो पुन्हा पुन्हा बोलून बघायचा होता, आणि त्याला ते कळत होतं.

काशाचे पत्रे यायला सोळा महिने लागले. फ्रियात्तो तोवर पलटणीतच थांबला होता. नऊपैकी एक म्हातारा मध्येच गेला होता; उरलेले आठ जण अंगणात रांगेत उभे राहिले. किल्ल्याचा दरवाजा उघडा होता, आणि उंबऱ्याच्या पलीकडे, नेहमीच्या जागी, बायका उभ्या होत्या.

बुक्को पत्रा तोंडाजवळ धरून वाचू लागला. आताशा त्याला जवळचं नीट दिसत नसे.

"फ्रियात्तो, हाल्दावोचा मुलगा, तुंग्रियन."

"हजर!"

"त्याची बायको, मातुगेना, कुनोबार्रोची लेक."

बायकोच्या नावाला कोणी उत्तर द्यायचं नसतं. ते फक्त वाचायचं असतं. बुक्कोनं पुढचं नाव शोधायला पत्रा उजेडाकडे वळवला, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला. छातीतून काढलेला, खणखणीत.

"हजर!"

रांगेतल्या माणसांची मान ताठच राहिली, पण खांदे हलू लागले. जमादारानं साहेबाकडे पाहिलं. साहेब पाठीमागे हात बांधून उभा होता.

"पुढे वाच," तो म्हणाला.

"मुलगी, सेनिला."

"हजर!"

रांगेत असताना मागे वळून बघायचं नसतं. फ्रियात्तो वळला.