माझं झाकण अडकलं तेव्हा

मी भय्याजींचा टिफिनचा डबा बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतो, चालवून घ्या. तीस वर्षं त्यांच्यासोबत भिलाईच्या कारखान्यात ड्यूटी केली. तिथं हळू बोललेलं कोणाला ऐकू जात नाही.

काय दिवस होते! पोटात झुणका, वांग्याची भाजी, गरम पोळ्या. एकदा सायकलवरून पडलो आणि काठाला पोचा आला. तेव्हापासून माझं झाकण हट्टी झालं. भय्याजी मला मांडीवर ठोकून, दोन शिव्या घालून उघडायचे.

ते रिटायर झाले आणि माझ्यात गोळ्या आल्या. झुणक्याच्या जागी गोळ्या! मी आठ दिवस रुसून होतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरले, वरून सर्दी-ताप. गुडघ्यासाठी शेजारच्या अतुलनं आपल्याकडची गोळ्यांची पट्टी दिली, सर्दीची त्यांनी स्वतः दुकानातून आणली. माणूस रिटायर झाला, पण घड्याळ शिफ्टचंच! फर्स्ट शिफ्टला दोन्ही गोळ्या, सेकंडला दोन्ही, नाइटला दोन्ही. मधात दुखलं तर आणखी एकेक, तिचं नाव ओव्हरटाइम.

इकडे माझा जीव टांगणीला. दोन्ही पट्ट्या माझ्याच पोटात, मागची बारीक अक्षरं मी वाचलेली. दोघींतही पॅरासिटामॉल! पण डब्याचं ऐकतो कोण?

तिसऱ्या दिवशी दुपारी भय्याजी ओव्हरटाइमसाठी आले. मी झाकण गच्च धरलं. त्यांनी ठोकलं, आपटलं.

"निघ ना बे! शिल्पा, पाह्य वो, हे निघूनच नाही राहिलं."

सून आली. चमच्याच्या दांडीनं तिनं मला उचकटलं, तशा पट्ट्या उलट्या होऊन टेबलावर पडल्या. तिनं वाचलं.

"बाबा, ह्या दोन्हीत तर एकच औषध हाय! किती घेतल्या?"

"कावून? नाव अलग, रंग बी अलग." मग त्यांनी शिफ्टा सांगितल्या. शिल्पाचा चेहराच उतरला.

"यानं लिव्हर खराब होते बाबा! चला दवाखान्यात."

"मले तर काहीच झालं नाही."

"लिव्हर काय भोंगा वाजवून सांगते का?"

दोघं गेले. मी टेबलावर उघडाच. खोटं कशाला बोलू, मी फार घाबरलो होतो. या माणसाशिवाय मला कोण ठोकणार?

दोन दिवस रक्ताच्या तपासण्या झाल्या. निभावलं. डॉक्टरांनी मात्र चांगलंच झापलं: दोन पट्ट्यांत एकच औषध असेल तर दोन्ही घ्यायच्या नाहीत, दिवसाला किती अन् किती दिवस ते विचारूनच घ्यायचं, दुसऱ्याची गोळी तर नाहीच.

आता गोळ्या पारदर्शक डब्यात राहतात, नावं वर करून. आणि मी? भय्याजी सकाळी बगिच्यात फिरायला जातात, त्यांच्या पिशवीत मी असतो, पोटात झुणका-पोळी! अतुललाही अर्धी मिळते, गोळी मात्र कोणी कोणाला देत नाही.

सगळे माझ्या झाकणाचं कौतुक करतात. पण तुमच्या घरचा डबा तर सहज उघडत असेल ना? मग बाबांनो, पट्टी उलटी करून तुम्हीच वाचा.