पाण्याचा टेकू

बारवेच्या एका भिंतीत जुनी भेग होती. भिंत हलतेय का ते कळावं म्हणून तिने त्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली होती. सकाळी पट्टी धड होती. आता जेवणाच्या सुट्टीनंतर पट्टीला चीर गेलेली तिला दिसली.

खाली, नुकत्याच उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर, तिचा थोरला भाऊ गुडघाभर गाळात उभा होता. डागडुजीची इंजिनीयर ती, पाणी उपसायचं कंत्राट त्याचं.

"दादा, वर ये. सगळ्यांना घेऊन."

"आधी ही कोरीव देवळी तर बघ! आजोबांच्याही नजरेला पडली नसेल."

"काच तडकलीय."

"फावडं लागलं असेल कुणाचं. लहानपणापासून हिला भिंती पडतानाच दिसतात!"

खालची माणसं हसली. पण फावडं लागलं असतं तर काचेचा चुरा झाला असता. ही चीर थेट भेगेच्या रेषेत होती.

तिने पंप बंद करवले. तेवढ्याने भागणार नव्हतं. मागच्या मातीत मुरलेलं पाणी भिंतीला ढकलत होतं, आणि पुढून तिला तोलून धरणारं पाणी त्या दोघांनीच उपसून टाकलं होतं. दादाने घाईने दुसरा पंप लावला, तेव्हा तिनेही कानाडोळा केला होता. तळ बघायची हाव तिलाही होतीच.

"पंप शेजारच्या दगडखाणीवर न्या. तिथे सोडलेलं पाणी परत बारवेत घ्यायचं."

"डोकं फिरलंय का तुझं? उद्या पाहणीला माणसं येणार. त्यांना काय डबकं दाखवू?"

"दादा, हात जोडते. आधी वर ये."

तिने आजवर त्याच्यापुढे हात जोडले नव्हते. माणसांना पुढे घालून शेवटी तो स्वतः निघाला. तो वरच्या टप्प्यावर पोचतो न पोचतो तोच भिंतीतला एक दगड सुटून खाली गाळात रुतला. थेट देवळीसमोर.

दादा स्वतः धावत पंपाकडे गेला.

संध्याकाळी देवळी पाण्याखाली गेली. तो तिच्याशेजारी पायरीवर येऊन टेकला.

"पुन्हा कधी दिसेल गं?"

"मागची माती निथळेल, तसतसं वीत वीत उपसायचं."

"म्हणजे म्हातारा होईन मी."

"हो," ती म्हणाली. भिंतीवरची नजर तिने काढली नाही.