माझ्या पोटात नासलेलं दूध

मित्रांनो, मी पिंपरी पेंढारच्या एका मळ्यातला जुना थर्मास आहे आणि आज मी रागात बोलणार आहे. बाकीच्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात. मला डोळे नाहीत आणि रडायची हौसही नाही. माझ्यामुळे एक तान्ही पोर मरता मरता वाचली, आणि तिच्या आईला नाही नाही ते ऐकून घ्यावं लागलं. ते आधी ऐका.

आत काचेचं भांडं, बाहेर पत्र्याचं कवच आणि तोंडाला घट्ट बूच, असा माझा घाट. सारजाबाईंनी मला नारायणगावच्या बाजारातून आणलं तेव्हा मी चकचकीत होतो. टोमॅटो खुडायला आलेल्या बायकांचा चहा माझ्यात असे. सकाळी भरलेला चहा दुपारी ओतला तरी जिभेला चटका बसे. "थर्मास लई गुणाचा," असं सारजाबाई सगळ्यांना सांगत आणि मी फुगून जाई. पुढे मळ्यात मोटारसायकलवर चहावाला येऊ लागला. मग माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या पोटात लाईटबिलं कोंबली, बटणं टाकली, एक झुरळही मेलं. वीस वर्षं राबलेल्याची ही किंमत!

गेल्या वर्षी सारजाबाईंच्या मुलाला, ऋषीला, मुलगी झाली. तिचं नाव अक्षदा. बाळंतपणानंतर तिच्या आईला, हर्षालीला, जोराचा ताप आला. औषधं चालली, अंगावरचं दूध आटलं आणि डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं. त्यात त्या बिचारीचा काय दोष? पण बघायला येणारी प्रत्येक बाई बाटलीकडे बघून नाक मुरडायची. हर्षाली मान खाली घालून बाटली उकळायची.

आमच्याकडे झोपायची खोली एका बाजूला आणि स्वयंपाकघर अंगण ओलांडून पलीकडे. भोवती ऊस, आणि उसात बिबट्या. दिवाळीनंतर त्याने आमच्याच ओट्यावरून कुत्रं उचलून नेलं. तेव्हापासून अंधार पडला की सगळ्या वस्तीची दारं बंद होत. पण अक्षदाला बिबट्या काय कळणार? ती दहाला उठे, एकला उठे, चारला उठे. मग हर्षाली काखेत बॅटरी धरून, चमच्याने ताट बडवत अंगण ओलांडे, पाणी तापवे, दूध कालवे आणि पुन्हा ताट बडवत परत येई. तोवर पोर रडून निळी पडे. आणि ऋषी? तो झोपलेला असे. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री येई, त्या आठवड्यात तो पिकाला पाणी द्यायला विहिरीच्या मोटारीवर जाई, ते मला मान्य आहे. पण लाईट दिवसा असली तरी तो भिंतीकडे तोंड करून घोरत असे. अंगणात ताट वाजतंय हे त्याला कधी ऐकूच आलं नाही!

ते ताट सारजाबाईंना मात्र ऐकू आलं. त्यांनी मला माळ्यावरून काढलं, राखेने घासलं आणि हर्षालीपुढे ठेवलं.

"पोरी, वाघ बसलाय उसात. रातची भायेर पडू नगंस. सांजच्यालाच सगळं दूध कालव आन् ह्याच्यात भर. रातभर ऊन ऱ्हातंय."

"आई, पण चालंल का तसं?"

"न चालायला काय झालं? चहा न्हाई का ऱ्हात? आन् बाटलीत उरलं तर परत ह्याच्यातच वत. दूध मोरीत सांडायचं न्हाई. लक्षुमी हाय ती."

आमच्याकडे ही रीत जुनी आहे. दूध उतू गेलं तर चुलीला हात जोडतात, पण मोरीत ओतत नाहीत. सारजाबाईंनी आयुष्यभर ती पाळली होती. त्यांच्या मनात काळं नव्हतं. पण चांगल्या मनाने सांगितलेली चूकही चूकच असते, आणि मला तोंड असून बोलता येत नाही याचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

कारण मित्रांनो, मला एकच काम येतं. मी ऊन ठेवतो. ताजं ठेवणं मला येत नाही. उलट त्या उबेत दूध लवकर नासतं. पहिल्याच रात्री एक वाजता माझ्या पोटातलं दूध बदलू लागलं होतं. त्यात बाळाच्या तोंडचं उष्टं दूध परत येऊन पडे. आणि सकाळी सगळे माझं कौतुक करत होते! "बरी सोय झाली," असं ऋषी म्हणाला. तुझी झोप मोडत नव्हती, एवढीच तुझी सोय, असं मी त्याला तोंडावर सांगितलं असतं.

पाचव्या रात्री अक्षदाने दूध ओकून टाकलं. मग जुलाब सुरू झाले. सारजाबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पहाटेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले आणि रडण्याचा आवाजही येईना. हर्षालीने ऋषीला गदागदा हलवलं. त्याने पिकअप काढली आणि सगळे तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाले. वाटेत भूक लागली तर असू दे म्हणून सारजाबाईंनी मलाही पिशवीत घातलं.

दवाखान्यात सलाईन लागलं. इवल्याशा हाताला शीर सापडेना, तीनदा सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या, मग सांगतो. उज्ज्वला नावाच्या नर्सने माझं बूच उघडलं आणि तोंड फिरवलं.

"कधीचं दूध हे?"

"काल सांजचं," हर्षाली म्हणाली.

ऋषी सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर ओरडला. "शिकलेली ना गं तू? एवढं बी कळंना? जीव घेत व्हतीस पोरीचा!"

 हर्षाली बाळाचा पाय हातात धरून बसून राहिली. मित्रांनो, त्या क्षणी माझी काच तडकायची बाकी होती. अरे, पाच महिन्यांत तू एकदा तरी बाटली धुतलीस का? एकदा तरी उठलास का?

तेवढ्यात सारजाबाई उठल्या. त्यांनी मला उचललं, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं आणि माझ्यातलं सगळं दूध स्वतःच्या हाताने ओतून दिलं. 

"तिला कशाला बोलतुस? मी सांगितलं व्हतं तिला. बोलायचं तर मला बोल."

  उज्ज्वला म्हणाली, "थर्मासात नुसतं उकळलेलं पाणी भरा. पावडर कोरडीच, मापून झाकणाच्या डब्यांत ठेवा. बाटल्या उकळून, झाकून उशाशी. बाळ उठलं की तेव्हाच कालवायचं, बाटली गार पाण्यात धरून निववायची, थेंब मनगटावर टाकून बघायचा. उरलं तर ओतून द्यायचं. आणि हे बापालाही जमतं."

अक्षदा तिसऱ्या दिवशी दूध मागत रडली. तसं गोड रडणं मी आजवर ऐकलं नाही. आता माझ्या पोटात फक्त पाणी असतं, शेजारी पावडरचे तीन डबे आणि तीन बाटल्या. रात्री दार उघडावं लागत नाही. सोय झाली ती ही. पण चारची पाळी ऋषीची ठरली आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी तो ती चुकवतो. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, घरातल्या वस्तू घासूनपुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी तान्हं बाळ असेल आणि रात्री ते रडलं, तर डोळे उघडून बघा, कोण उठतं. रोज आईच उठत असेल, तर बाबांचं पांघरूण ओढा.