मेहुण्याच्या हातातला दोर

मी पाणबुड्याचा दगड बोलतोय. सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे, समुद्राची शपथ. तळाशी मी नारळाएवढा मोती पाहिलाय. बरं, लिंबाएवढा. खरं म्हणजे खाली इतका काळोख असतो की मला मोती कधी दिसलाच नाही. पण बाकीचं सगळं खरं.

एका पाथरवटाने मला घासून लांबट केलं, वरच्या टोकाला भोक पाडलं. भोकात दोर, दोराला फास, फासात पाणबुड्याचा पाय. तो नाकाला चिमटा लावायचा, मान हलवायचा, की आम्ही निघालो खाली शिंपले वेचायला. बुडणं एवढीच काय ती माझी विद्या. त्यात मात्र मी पहिल्या नंबरचा.

तळ लागला की तो पाय सोडवून घ्यायचा आणि वरचे लोक मला लगेच ओढून घ्यायचे. माणसाला खाली सोडून मी आपला होडीच्या फळीवर ऊन खात पडायचो. लाज वाटायची, पण दगडाला विचारतो कोण?

पाणबुड्याच्या कमरेला दुसरा दोर असायचा. त्याने खालून हिसडा दिला की वरच्याने खेचायचं. तो दोर धरायचा बायकोच्या भावानेच, असा होड्यांवर रिवाज होता. सख्ख्या भावाचा वाटणीवर डोळा असेल, मित्राला डुलकी लागेल. पण मेहुणा आपल्या बहिणीला विधवा होऊ देणार नाही.

माझ्या पाणबुड्याचा मेहुणा जरा हळवा. एकदा घाबरून त्याने हिसड्याआधीच खेचलं. शिंपले सांडले, पाणबुड्याचं कोपर खडकावर सोलवटलं. "मी हिसडा दिल्याशिवाय दोर ओढायचा नाही," असं पाणबुड्याने मेहुण्याला सगळ्यांदेखत सुनावलं. तेव्हापासून होडीवर मेहुण्याचं नाव पडलं 'घाईघाई'.

पुढे पाणबुड्याची बायको तापाने गेली. मागे एक लहान मुलगी. हंगाम सुरू झाला तेव्हा होडीचा तांडेल म्हणाला, बहीणच राहिली नाही, आता मेहुणा कसला? दुसरा माणूस आण. पाणबुड्या ऐकेना.

दोर हातात घेताना मेहुण्याने हळूच विचारलं, "दाजी, आता मी तुमचा कोण?"

"पोरीचा मामा. धर दोर."

आम्ही खाली गेलो. त्याने पाय सोडवला, मी वर आलो. फळीवर पडून मी मेहुण्याचे हात बघत होतो. दोर हलेना. घाईघाई आज शहाणा झाला, असं कुणीतरी म्हणालं. तो हसला नाही. दोर हलेना. अरे खेच, असं मला ओरडायचं होतं. पण दगडाला कुठला आवाज?

शेवटी त्याने हिसड्याची वाट न बघता खेचायला सुरुवात केली. पाणबुड्या खोकत, शिव्या देत वर आला.

"कुणी सांगितलं रे खेचायला?"

"तुमच्या पोरीने."

मग लोक शिंपले पाळून मोती पिकवायला लागले. मोत्यांचे भाव पडले, होड्यांचं सरपण झालं. मी आता मेहुण्याच्या घरी दाराला टेकून असतो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. ती मुलगीही इथेच वाढली. झाडताना मला पायाने सरकवते, आणि झाडून झालं की पुन्हा जागेवर लावते.

वडील असताना ती मामाकडे का वाढली, असं तुम्ही विचारण्याआधीच कबूल करतो. खोकत, शिव्या देत वर येणं मी रचलंय. मेहुण्याने हिसड्याआधी दोर ओढला नाही. दाजींनी बजावलं होतं ना? तो वाट बघत बसला. खेचलं तेव्हा उशीर झाला होता. खाली काय झालं ते मला माहीत नाही. मी वर होतो.

दोर तुटला, असं मामाने मुलीला सांगितलंय. दोर तुटला नव्हता. तुम्ही या दारातून आत याल तेव्हा माझी ठेच लागली तर खुशाल मला शिव्या द्या, पण तिच्यापुढे हे बोलू नका. मामा अजून तिच्याकडे डोळे वर करून बघत नाही.